फक्त पाण्याची वाफ

नंदुरबार
२४ नोव्हेंबर २०२५

हुमा,

आणि तो तुमच्या कारखान्याच्या गेटवरचा माणूस मला पाण्याची बाटली देतो! मी मिरचीची मूठ त्याच्या नाकासमोर धरली. म्हटलं, बघ, ही तुला लाल दिसते का? तर म्हणतो, मावशी, उन्हात उभ्या राहू नका, पाणी प्या. मी काय पाणी मागायला आले होते? मी सांगितलं, माझ्या भावाची पोरगी तुमच्या पुण्याच्या ऑफिसात इंजिनिअर आहे. तर म्हणाला, मग तिलाच विचारा. म्हणून तुला विचारते.

फोनवर विचारणार नाही. फोन लावला की तू म्हणतेस, फुफी, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते. तुझं नंतर मी तीन वेळा बघितलं. आता मी लिहिणार आणि तू लिहूनच उत्तर देणार. मराठी शाळेत चौथीपर्यंत गेले, अक्षर वाकडं आहे, पण वाचता येईल.

तर ऐक. माझी मिरची फटकी होतेय. पांढरे डाग पडतात, पाठीचा रंग उडतो, मग बाजारात कोणी हात लावत नाही. वाळवायच्या पथारीच्या मैदानात कारखान्याच्या बाजूला जो माल पसरते तो सगळा गेला. एकदा झालं, म्हटलं माल ओला जास्त असेल. पुन्हा झालं, म्हटलं बायांनी वेळेवर पलटी मारली नाही, त्यांना बोलले. तिसऱ्यांदा झालं तेव्हा त्यांच्यातली भिकुबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "सकीनाबी, आते आम्हले बोलू नको. तिकडे दख." तिकडे म्हणजे तुमच्या कारखान्याकडे. बरोबरच बोलली. सप्टेंबरात कारखाना सुरू झाला, त्याच्या आधी एवढ्या वर्षांत असं कधी झालं नाही.

तू उद्घाटनाच्या दिवशी स्टेजवर उभी राहून सांगितलंस ना, जुन्या बॉयलरच्या चिमणीतून जो कार्बन डायऑक्साइड जातो तो आम्ही पकडणार, त्याचं इंधन बनवणार आणि आसपासच्या वस्तीला स्वस्त वीज देणार? सगळ्यात जास्त टाळ्या मी वाजवल्या. शेजारणीला कोपर मारून सांगितलं, ही आमची हुमा. काळी काजळी बंद झाली, खोटं कशाला बोलू. दोरीवरचे कपडे आता पांढरेच राहतात. पण कपड्यांबरोबर मिरची पण पांढरी करायची होती का?

तुमचा एक साहेब हातात डबी घेऊन पथारीवर फिरून गेला. म्हणाला, हवा एकदम शुद्ध. मी म्हटलं, मग ही मिरची काय लाजून पांढरी झाली? हसला आणि गाडीत बसला.

कुठला तरी वायू सुटतो आहे. कुठला ते सांग आणि बंद कर. होळीला सीझन संपतो. या पथारीवर वीसेक बायांचं वर्ष निघतं आणि माझं पण. पथारी गेली तर मला दुसरं काही येत नाही, हे तुला माहीत आहे.

सकीना


पुणे
३ डिसेंबर २०२५

प्रिय फुफी,

अस्सलामु अलैकुम. तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. सगळे विचारत होते, हल्ली पत्र कोण पाठवतं? मी म्हटलं, माझी फुफी. आणि मग जिन्यात जाऊन वाचलं.

फुफी, वायू सुटत नाही. हे मी तुझं मन राखायला सांगत नाही, मी स्वतः सगळे आकडे पुन्हा काढून बघितले. पण तुझी मिरची खोटी नाही, एवढं मला माहीत आहे, म्हणून मी शोधत राहिले. आणि मला वाटतं मला सापडलं.

आमची यंत्रं फार तापतात. त्यांना थंड करायला पाणी लागतं आणि ते पाणी वाफ होऊन वर जातं. तू जो पांढरा ढग बघतेस तो तोच. फक्त पाण्याची वाफ आहे, त्यात दुसरं काही नाही. उन्हाळ्यात ती वरच्या वर विरून जाईल. पण थंडीत पहाटे हवा जड असते, वारा नसतो. तेव्हा ती खाली येऊन तुझ्या पसरलेल्या मालावर बसत असणार, दवासारखी. मग वरून ऊन पडतं आणि डाग धरतात.

पहाटे यंत्र बंद ठेवा, असं तू म्हणशील. ते चुलीसारखं नाही, फुफी. एकदा विझवलं की पुन्हा नीट पेटायला दिवस जातात. पाण्याशिवाय, नुसत्या हवेवर थंड करायची पद्धत आहे. मी ती सुचवलेली. पण तिला वीज जास्त लागते, मग वस्तीला मिळणारी वीज स्वस्त राहत नाही. स्वस्त वीज हेच तर सगळ्यांना सांगितलं आहे.

मी एक करू शकते. प्लँटमध्ये वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालणारं एक सुकवणी यंत्र पडून आहे, चाचणीसाठी आणलेलं. त्यात पहिला माल तुझा टाकायला मी परवानगी काढते. तोपर्यंत मिरचीवर रात्री ताडपत्री टाकून बघशील का?

अब्बूंना हे पत्र दाखवू नकोस. ते काळजी करतील.

तुझी,
हुमा


नंदुरबार
१५ डिसेंबर २०२५

हुमा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, चला, विष नाही. मग रडू आलं. विष असतं तर कोणाला तरी धरता आलं असतं. पाण्याला कोण धरणार? आता कळलं त्या डबीवाल्या साहेबाला काही का सापडलं नाही. पाणी शोधायला तो आलाच नव्हता.

ताडपत्रीचं तू लिहिलंस ते पुण्यात राहून लिहिलंस. ओली मिरची झाकली की घामेजते, सकाळी उचललं तर खाली बुरशी. तू लहानपणी इथेच मिरचीच्या ढिगाशेजारी झोपायचीस, विसरलीस वाटतं.

मी म्हटलं, एकटीचं कोणी ऐकत नाही, तर मोहल्ल्याच्या सह्या घेऊ. वाफ थांबवा असा अर्ज लिहून घेतला आणि आधी तुझ्या बापाकडे गेले. म्हटलं, माझा सख्खा भाऊ, तो पहिली सही करेल. अनीस गिरणीत पिठाने पांढरा होऊन उभा होता. अर्ज वाचला, घडी केली, माझ्या हातात परत दिला.

"आपा, तुला मिरची दिसते, मला मीटर दिसतं. दोन वर्षांपासून गिरणी विकायला काढली होती मी. आता चालते आहे. मी सही करू?"

मी म्हटलं, "बहिणीची पथारी बुडाली तरी चालेल?"

"बहीण जेवायला माझ्याकडे येऊ दे. गिरणी बंद झाली तर दोघं कोणाकडे जायचं?"

रागाने शिव्या द्यायला गेले तर माझ्याच डोक्यावर तुमच्याच विजेचा पंखा फिरत होता. पुढे आणखी काही घरी गेले. कोणी चहा पाजला, कोणी म्हणालं, बी, पथारी बंद झाली तर आमचा ठसका तरी थांबेल. खोकून दाखवलं मेल्याने. मिरचीवर घरं बांधली यांनी आणि आता नाकाला रुमाल लावतात. अर्जावर माझी सही, बायांचे अंगठे, बस.

तो अर्ज घेऊन मी कुठल्या कुठल्या टेबलावर गेले ते लिहीत नाही. सगळे चांगलं बोलले. एक जण म्हणाला, धूर असेल तर सांगा, घाण पाणी असेल तर सांगा, वाफेचा कायदा नाही.

तुझ्या यंत्राचं म्हणशील तर मला भरवसा नाही. पण हात बांधून बसू तर काय करू? माल पाठवते. नीट वाळव, भाजू नकोस.

सकीना


पुणे
२४ डिसेंबर २०२५

प्रिय फुफी,

सोबतचा तुझ्या वाळलेल्या मिरचीचा फोटो बघितलास ना? किती सुरेख लाल आली आहे! प्लँटमधल्या लोकांनी मला पाठवला तेव्हा मी जागेवरून उठून सगळ्यांना दाखवला. आमचे सर म्हणाले, हीच खरी गोष्ट, आपण हवेतला कचरा पकडतो आणि शेजारची बाई त्याच उष्णतेवर मिरची वाळवते. ते हा फोटो दिल्लीच्या कार्यक्रमात लावणार आहेत.

तुझा एक फोटो हवा आहे, यंत्राशेजारी उभी असलेला. जमलं तर थोडी हस. आणि दोन ओळी लिहून दे, की पथारीवर वाळायला किती दिवस लागतात आणि यात किती पटकन होतं.

अर्जाचं वाचून वाईट वाटलं. पण आता सह्या वगैरे नको करूस, फुफी. सर आत्ता खूश आहेत. ते खूश असताना मला तुझ्यासाठी काही मागता येईल. हवेवर थंड करायचं मी पुन्हा विचारलं होतं. उत्तर तेच आलं.

या यंत्राला जागाही फार लागत नाही. तुझं एवढ्या उन्हात हिंडायचं वय आता राहिलं का?

तुझी,
हुमा


नंदुरबार
६ जानेवारी २०२६

हुमा,

फोटो नाही पाठवत. कारण सांगते.

मिरची चांगली निघाली. खोटं बोलून मला काय मिळणार? एक डाग नाही, एक काडी नाही. यंत्र चालवायला दोन माणसं होती, ती पण मोबाइल बघत. आमच्या बाया गेटबाहेर बसून होत्या. त्यांना सवयीने आणलं होतं मी, माल वाळला की देठं खुडायची म्हणून. तुमच्या माणसाने आतून सांगितलं, देठाचं पण यंत्र येणार आहे. भिकुबाई म्हणाली, "सकीनाबी, एवढं काम करी ऱ्हायनं बिचारं. त्याले म्हना, आम्हनी भाकर बी तूच खाय." सगळ्या हसल्या. मी पण हसले. मग एकेक जण पदर झटकून उठली.

तिथपर्यंत ठीक होतं. पुढचं माझ्या हातून झालं.

पथारीची जागा हिंमतरावभाऊंची, पण आमच्यात आणि त्यांच्यात तिचा कधी कागद झाला नाही. माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून एकच रीत आहे. सीझनची पहिली वाळलेली टोपली त्यांच्या स्वयंपाकघरात जाते. त्यांनी ठेवून घेतली की जागा होळीपर्यंत आमची. ते पाटील, आम्ही मुसलमान, पण या टोपलीवर दोन पिढ्यांत भांडण नाही. या वर्षी मी टोपली पाठवलीच नव्हती. पांढरी मिरची कोणत्या तोंडाने पाठवू? यंत्राची लाल बघितली आणि मला हुरूप आला. स्वतः डोक्यावर घेऊन गेले. वहिनींना म्हणाले, बघा, हात लावून बघा, जमिनीला लागलेली नाही, मशीनची आहे. मोठ्या तोऱ्यात बोलले ग.

दोन दिवसांनी हिंमतरावभाऊ स्वतः पथारीवर आले. खुशीत होते. म्हणाले, "सकीनाबी, तुम्हनं बरं व्हयनं. पथारीनी कटकट गयी."

मी म्हटलं, "कुठे गेली? माल येतोय की उद्या."

ते अहिराणी सोडून मराठीत बोलायला लागले, तेव्हाच मला धडकी भरली. म्हणाले, कंपनीची माणसं पावसाळ्यापासून माझ्या ओट्यावर येऊन बसतात, ही जागा द्या म्हणून. मी त्यांना एकच सांगत होतो, सकीनाबीची टोपली येईपर्यंत मी काही बोलणार नाही. मग पुन्हा अहिराणीवर आले, "मंग टोपली वनी ती मशीननी. तुम्ही सोता सांगं, जमिनले लागेल नही. मी समजी गऊ, आते तुम्हले जागा नको. परवा सबद दिधा त्यास्ले."

मी म्हटलं, भाऊ, माझा तसा अर्थ नव्हता. ते म्हणाले, बाई, मग ती टोपली कशाची होती? तू सांग काय उत्तर देऊ. मला फक्त लाल मिरची दाखवायची होती.

पावसाळ्यापासून म्हणाले ते. पावसाळ्यापासून! तुला माहीत होतं का? तू म्हणालीस, यंत्राला जागा फार लागत नाही. ते कोणाच्या सोयीचं होतं?

सकीना


पुणे
१४ जानेवारी २०२६

प्रिय फुफी,

अब्बूंशी बोलले, ते म्हणाले तू त्यांच्याकडे जेवायलाही येत नाहीस.

दुसऱ्या युनिटसाठी जागा बघत आहेत हे मला माहीत होतं. हो. कुठली जागा हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुला सांगावं लागलं असतं, म्हणून नाही विचारलं. मला वाटलं, जागा कुठलीही असो, यंत्र मिळालं तर तू सावरशील.

यंत्र पण जाणार आहे, फुफी. ते चाचणीचं होतं. पुढच्या महिन्यात प्रदर्शनाला पुण्यात आणत आहेत. मी म्हटलं, निदान होळीपर्यंत राहू द्या. ते म्हणाले, बघू. तुला कळतं ना बघू म्हणजे काय?

आणि आता जे लिहिते ते तू शांतपणे वाच. ३१ जानेवारीला, शनिवारी, नंदुरबारला जागेबद्दल सभा आहे. कोणाची हरकत असेल तर तिथे मांडायची. सगळं मराठीत समजावून सांगायला मला उभं करणार आहेत, कारण मी तिथली. कागदावर ती जागा पडीक लिहिली आहे, वापर नसलेली. वरून काढलेला फोटो जुलैचा आहे. जुलैत तिथे नुसतं गवत असतं. मी म्हटलं, खोडा, तिथे मिरचीची पथारी आहे. सर चिडले नाहीत. खरंच विचारल्यासारखं म्हणाले, पथारी म्हणजे शेत का? घर का? कारखाना का? मग मी कशात टाकू? माझ्याकडे उत्तर नव्हतं, जसं तुझ्याकडे टोपलीचं नव्हतं.

मी नोकरी सोडली तर दुसरं कोणी उभं राहील आणि तेच वाचेल. अब्बूंच्या औषधपाण्याचं, धाकट्या आकिबच्या कॉलेजचं मी बघते, हे तुला माहीत आहे. माझ्या हातात काही नाही, फुफी.

एकच मागते. त्या दिवशी सभेला येऊ नकोस. तू समोर बसलेली असलीस तर मला बोलता येणार नाही.

तुझी,
हुमा


नंदुरबार
२१ जानेवारी २०२६

हुमा,

येऊ नकोस म्हणतेस. तुझ्या पहिल्या भाषणाला मी टाळ्या वाजवल्या तेव्हा चाललं.

हिंमतरावभाऊंकडे जाऊन आले. म्हटलं, माझी टोपली परत द्या, चूक झाली. वहिनी म्हणाल्या, ती मिरची फोडणीत गेली बाई, खाऊन पण झाली. भाऊंनी बसायला खाट दिली. म्हणाले, दिलेला शब्द मी फिरवत नाही. मी त्यांना काय दोष देऊ? शब्द फिरवणारे असते तर माझा कधीच फिरवला असता. जागा त्यांची, कागद त्यांचा. माझ्याकडे दाखवायला काही नाही.

पथारीवर अजून माल आहे. पहाटे तुमची वाफ बसते, सकाळी आम्ही उन्हाची वाट बघतो. बाया विचारतात, बी, पुढच्या वर्षी बोलावशील ना? मी म्हणते, बघू. तुमच्या साहेबाचा शब्द माझ्या तोंडी आला.

मी भांडायला येणार नाही, घाबरू नकोस. कारखाना बंद करा असं पण म्हणणार नाही. अनीसची गिरणी त्याच्यावर चालते आणि मी हे लिहिते ते त्याच्याच उजेडात. नोकरी सोड असं पण म्हणणार नाही. आकिबला मीच कॉलेजात पाठव म्हणाले होते. तुला अडचणीत घालून मला जागा मिळणार नाही, एवढी अक्कल मला आहे. जागा गेली, हुमा. मला ते समजलंय.

पण भिकुबाईला मी काय सांगू? ती येणार आहे सभेला, सगळ्या येणार आहेत, नवी लुगडी नेसून. त्यांना वाटतं तिथे कोणीतरी ऐकेल. त्या खाली सतरंजीवर बसतील, त्यांच्या हाताला मिरचीची आग, धुऊन पण जात नाही. आणि स्टेजवरून आमच्या घरची पोरगी सांगणार, की ही जागा पडीक आहे, इथे कोणी काही करत नाही. तू लहान असताना डोळ्यांत मिरची गेली तर याच भिकुबाईने तुझे डोळे पदराने पुसले होते, दूध घालून. तिच्यासमोर म्हणशील?

तुझा साहेब विचारतो, पथारी कशात टाकू. टाकू नको म्हणावं कशात. नुसतं तोंडाने सांग, की इथे बाया काम करतात. एवढंच वाक्य. त्याने जागा वाचणार नाही. कागदावरचा एक शब्द हलणार नाही. पण मग बायांना घेऊन मी पहिल्या रांगेत बसेन आणि गप्प बसेन, तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही. आणि तू पडीकच म्हणणार असशील तर मला आधी कळू दे. म्हणजे मी त्यांना काहीतरी खोटं सांगून घरी ठेवीन. सभा पुढे ढकलली असं सांगीन. तेवढं पाप मी करते.

ते एक वाक्य म्हणशील? हो की नाही, दोन अक्षरांत लिही. सभा शनिवारी आहे, म्हणून उत्तर शुक्रवारी ३० तारखेला पोस्टमन येतो तेव्हा माझ्या हातात पाहिजे. फोन करू नकोस. फोनवर तू रडशील आणि मी तुला माफ करून टाकीन. लिहून पाठव. शुक्रवारपर्यंत.

सकीना